करपरताव्याच्या आमिषापासून सावध राहा



एरवी मी आपल्याला बियाणे, खते आणि कीड-रोग यांविषयी सांगत असतो. आज जरा वेगळ्या किडीविषयी लिहितो आहे. या किडीने माझ्या बहिणीच्या विहिरीवरची नवी मोटार खाल्ली.

आक्काचा मुलगा कुर्ल्याला एका खाजगी कंपनीत नोकरीला आहे. जुलैच्या अखेरीस मी कामानिमित्त मुंबईला गेलो, तेव्हा कुर्ल्याच्या नेहरूनगर आगारात तो मला न्यायला आला होता. एरवी बडबड करणारा पोरगा त्या दिवशी गप्प होता. रात्री जेवणे झाल्यावर हळूच म्हणाला, "मामा, आईला सांगू नका. मोटारीचे पैसे गेले."

झाले होते असे. पगारातून जादा कापला गेलेला कर परत मिळावा म्हणून त्याने आयकराचे विवरणपत्र भरले होते. दोनच दिवसांत मोबाईलवर निरोप आला, की आपला परतावा मंजूर झाला आहे, पण खाते क्रमांक चुकीचा आहे, तरी खालील लिंकवर तो आजच दुरुस्त करावा. लिंक दाबताच हुबेहूब सरकारी दिसणारे पान उघडले. याने खाते क्रमांक भरला, कार्डाचा क्रमांक भरला आणि पाठोपाठ आलेला ओटीपीही भरला. पाच मिनिटांत बेचाळीस हजार रुपये खात्यातून गेले. आक्काने सोयाबीन विकून मोटारीसाठी त्याच्याकडे ठेवायला दिलेले ते पैसे होते.

"तक्रार केलीस का?" मी विचारले.

"नाही मामा. शिकलेला असून फसलो, कुणाला सांगू?"

या गोष्टीला तीन दिवस उलटून गेले होते. त्याच रात्री आम्ही 1930 या क्रमांकावर तक्रार नोंदवली आणि सकाळी बँकेत गेलो. साडेसहा हजार रुपये एका खात्यात अडवले गेले. बाकीचे हातोहात पुढे निघून गेले होते.

आता आपण म्हणाल, शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, मग आमचा याच्याशी काय संबंध? संबंध आहे. आपली मुले शहरात पगार घेतात. गावातल्या वडीलधाऱ्यांच्या ठेवींच्या व्याजावर बँक कर कापते आणि तो परत मिळवण्यासाठी विवरणपत्र भरावे लागते. नोकरदारांसाठी त्याची मुदत सर्वसाधारणपणे 31 जुलै असते. नेमक्या त्या दिवसांत माणूस परताव्याची वाट पाहत असतो. पाऊस पडला की तण उगवते, तसे या हंगामात हे निरोप उगवतात. 2023 साली 15,490 रुपयांचा परतावा मंजूर झाल्याचा असाच एक निरोप देशभर फिरत होता. तो खोटा असल्याचे केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाला जाहीर करावे लागले.

आमिष हा एक प्रकार, धाक हा दुसरा. मुंबईला लागूनच असलेल्या मीरा रोडला ऑक्टोबर 2016 मध्ये ठाणे पोलिसांनी छापे घातले आणि सातशेहून अधिक तरुण-तरुणींना चौकशीसाठी ताब्यात घेतले. तिथून अमेरिकेतल्या लोकांना फोन जात. आम्ही कर खात्याचे अधिकारी आहोत, कर थकला आहे, आता पैसे भरले नाहीत तर पोलीस दारात येतील, असे धमकावून पैसे उकळले जात. अमेरिकेतला सुशिक्षित माणूस जर या धाकाला बळी पडतो, तर आपण भोळे म्हणून फसलो असे मनाला लावून घेण्याचे कारण नाही.

तिसरा प्रकार गोड बोलणाऱ्या मध्यस्थाचा. "तुमचा परतावा दुप्पट काढून देतो, मला त्यातला हिस्सा द्या," असे तो म्हणतो आणि न दिलेल्या देणग्या, न भरलेले घरभाडे विवरणपत्रात दाखवतो. जुलै 2025 मध्ये आयकर विभागाने अशा मध्यस्थांविरुद्ध देशात 150 ठिकाणी तपासणी केली. काही मध्यस्थ तात्पुरता ईमेल पत्ता वापरून विवरणपत्रे भरतात, त्यामुळे खात्याची नोटीस मूळ माणसाला कळतच नाही, असेही तेव्हा दिसून आले. लक्षात ठेवा, विवरणपत्र ज्याच्या पॅनवर, जबाबदारी त्याची. मध्यस्थ हिस्सा घेऊन जातो. कर, व्याज आणि दंड आपल्या गळ्यात पडतो.

तेव्हा पुढील गोष्टी घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा.

1. आयकर खाते फोनवर, संदेशात किंवा ईमेलमध्ये पिन, पासवर्ड किंवा ओटीपी कधीही मागत नाही. जो मागतो तो चोर समजावा.

2. परतावा आपण नोंदवून पडताळलेल्या बँक खात्यातच जमा होतो. तो मिळण्यासाठी कुठेही आधी पैसे भरावे लागत नाहीत.

3. आलेल्या लिंकवरून जाऊ नये. इन्कमटॅक्स डॉट गव्ह डॉट इन हा पत्ता स्वतः टाकून खाते पाहावे. व्हॉट्सॲपवर आलेले अनोळखी ॲप मोबाईलवर उतरवून घेऊ नये.

4. नोटीस आली तर घाबरू नये. प्रमाणित बियाण्याच्या पिशवीला निळी खूणचिठ्ठी असते, ती पाहिल्याशिवाय आपण पिशवी घेत नाही. तसाच आयकर खात्याच्या पत्रांवर 1 ऑक्टोबर 2019 पासून एक ओळख क्रमांक घालतात. वरील संकेतस्थळावर तो टाकला की पत्र खरे की खोटे ते कळते.

5. विवरणपत्र दुसऱ्याकडून भरून घ्या, पण मोबाईल क्रमांक आणि ईमेल आपलाच द्या, आणि भरलेल्या कागदाची प्रत मागून घ्या.

6. थोड्या पैशांच्या लोभाने आपले बँक खाते कुणाला वापरायला देऊ नये. चोरीचा पैसा अशाच खात्यांतून फिरवतात आणि पोलीस प्रथम खातेदाराकडे येतात.

एवढे करूनही फसगत झाली, तर क्षणही न दवडता 1930 ला फोन करा आणि बँकेला कळवा. चोरीचा पैसा एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतो. तक्रार वेळेत पोचली तर वाटेतच अडवता येतो. टोळधाड दिसली की आपण शेजाऱ्याला हाक मारायला लाजतो का? मग इथे लाज कसली? पैसे देण्यापूर्वी सावकाश, आणि फसल्यावर मात्र तातडीने, एवढे एक सूत्र ध्यानात ठेवावे.

भाच्याने अखेर स्वतःच आईला फोन केला. आक्का थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "पैसे गेले ते गेले, पण सांगायला तीन दिवस का लावलेस रे?"

यंदा तिने जुन्याच मोटारीचे वाइंडिंग भरून घेतले आहे. हंगाम निघेल. पण 1930 हा आकडा तिने खडूने दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवला आहे. आपणही आजच लिहून ठेवा.