कृत्रिम गोडीचे पोषणमूल्य

साखरेऐवजी चहात टाकावयाची जी गोळी किंवा पुडी आज पेणच्या बाजारात आणि रोह्याच्या औषधांच्या दुकानांत कोणालाही मिळते, तिच्यात अन्न म्हणून नेमके काय असते, हा प्रश्न कामगार संघटनेच्या कार्यकर्त्याने हाती घ्यावा असा वरवर पाहता वाटत नाही. तो वैद्याचा, फार तर रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाचा विषय. आम्ही तर दहावीनंतर शाळेची पायरी चढलेलो नाही. जे थोडेफार शिकलो ते संघटनेच्या कचेरीत, वाचनालयात आणि धाटावच्या रासायनिक कारखान्यांतील जाणत्या कामगारांना प्रश्न विचारून विचारून. तरीही हा विषय आम्ही मागून घेतला, कारण या बाबतीत आमच्या हातून एक चूक घडली आहे, आणि ती सांगितल्यावाचून हा विषय आम्हांला मांडता येणार नाही.

काही वर्षांपूर्वी एका कारखान्याच्या उपाहारगृहासंबंधी वाटाघाटी चालू होत्या. कारखाने कायदा १९४८ चा. त्याच्या ४६ व्या कलमाप्रमाणे अडीचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात उपाहारगृह चालविण्याची सक्ती सरकारला तेव्हा करता येत असे, आणि त्याच्या व्यवस्थेत कामगारांच्या प्रतिनिधींना जागा असे. सभासदांपैकी बरेच जण मधुमेही झालेले. त्यांना बिनसाखरेच्या चहाची व्यवस्था हवी, अशी मागणी आम्ही केली आणि ती मान्य झाली. चहाच्या टेबलावर पुड्यांचा डबा आला. वर आमच्याच हस्ताक्षरात पाटी लागली: ‘मधुमेह असणाऱ्यांनी ही साखर वापरावी.’ पाटी लिहून आम्ही समाधानाने घरी गेलो. त्या पाटीतला ‘साखर’ हा शब्दच चुकीचा होता, हे त्या वेळी आमच्या ध्यानात आले नाही.

साखर हे अन्न आहे. एक ग्रॅम साखरेपासून शरीराला चार उष्मांक मिळतात. पाच ग्रॅमचा एक चमचा धरला तर वीस. त्यात प्रथिने नाहीत, जीवनसत्त्वे नाहीत, म्हणून आहारशास्त्रज्ञ तिला नावे ठेवतात, आणि ते योग्यच आहे. पण शक्ती तिच्यात आहे. पेणच्या मिठागरावर भर उन्हात काम करणारा माणूस चार चमचे साखरेचे लिंबाचे सरबत पितो तेव्हा त्याच्या पोटात ऐंशी उष्मांक जातात. पहाटे घर सोडणाऱ्या कित्येक कामगारांची दोन चमचे साखरेचा चहा हीच न्याहारी असते. ती चांगली न्याहारी नव्हे. परंतु ती शून्यही नव्हे.

कृत्रिम गोडीचे पदार्थ या बाबतीत अगदी निराळे. त्यांतला सर्वांत जुना सॅकरीन. १८७९ साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात रेमसन यांच्या प्रयोगशाळेत फालबर्ग नावाचा रसायनशास्त्रज्ञ डांबरापासून निघणाऱ्या द्रव्यांवर काम करीत होता. हात न धुता तो जेवायला बसला आणि त्याला पाव गोड लागला. साखरेच्या तीनशे पटींहून अधिक गोडी असलेले हे द्रव्य पोटातून बहुतांशी रक्तात जाते आणि जसेच्या तसे लघवीवाटे बाहेर पडते. शरीर त्याचा एक कणही मोडून वापरीत नाही, म्हणून उष्मांक शून्य. कोणी म्हणेल, सॅकरीन जाळले तर उष्णता निघेल की! निघेल, डांबरही जळते. पण अन्नाचा उष्मांक भट्टीच्या हिशेबाने धरून भागत नाही, शरीराच्या हाती काय लागले ते पाहावे लागते. हेच सॅकरीन निकेलचा मुलामा चढविणाऱ्या कारखान्यांत मुलाम्याला चकाकी यावी म्हणूनही वापरतात, हे आम्हांला त्या कामातल्या एका कामगाराने सांगितले तेव्हा आम्ही थक्क झालो होतो.

अ‍ॅस्पार्टेमची गोष्ट थोडी वेगळी. ते प्रथिनांचे घटक असलेल्या दोन अमिनो आम्लांपासून बनते आणि शरीर ते पचविते. त्यामुळे ग्रॅमला चार उष्मांक त्यातही आहेत, अगदी साखरेइतकेच. पण साखरेच्या सुमारे दोनशे पट गोड असल्यामुळे एका चमच्याच्या जागी पंचवीस मिलिग्रॅम पुरतात, आणि त्यातून मिळणारी शक्ती एका उष्मांकाचा दहावा भाग. सारांश, हिशेबात धरू नये इतकी. फेनिलकीटोन्युरिया नावाचा जन्मजात विकार असणाऱ्यांना मात्र ते वर्ज्य, कारण त्यातले फेनिलअ‍ॅलनीन त्यांच्या शरीराला निकालात काढता येत नाही. शिवाय उकळत राहिले की अ‍ॅस्पार्टेम मोडते आणि गोडी जाते; म्हणून ते चहा उतरवल्यावर टाकायचे असते.

तिसरा पदार्थ सुक्रालोज, आणि त्याच्या शोधात एक मराठी आडनाव आहे. १९७६ साली लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजात लेस्ली हफ यांच्या हाताखाली शशिकांत फडणीस हे संशोधक साखरेच्या रेणूत क्लोरीन बसविण्याचे काम करीत होते. हफ यांनी एक द्रव्य ‘टेस्ट’ करा, म्हणजे तपासा, असे सांगितले. फडणीसांनी ‘टेस्ट’चा दुसरा, चवीचा अर्थ घेतला आणि ते जिभेवर ठेवले! साखरेतील तीन जागी क्लोरीन बसले की ती सुमारे सहाशे पट गोड होते आणि शरीराच्या पाचकरसांना तिचा बंध तोडता येत नाही. बहुतेक भाग न शोषला जाताच विष्ठेवाटे निघून जातो. येथेही शून्य. (१९६५ साली अ‍ॅस्पार्टेमची गोडी सापडली तीही श्लॅटर यांनी कागद उचलण्यासाठी बोट चाटल्यामुळे. हात धुवा, द्रव्ये तोंडाला लावू नका, असे धाटावमध्ये आम्ही प्रत्येक सुरक्षा सप्ताहात घसा फोडून सांगतो, आणि या धंद्याचा सारा इतिहास आमच्या विरुद्ध साक्ष देतो.)

आता पुडीकडे वळू. सुक्रालोज सहाशे पट गोड, म्हणजे एका चमच्याच्या गोडीला साधारण आठ मिलिग्रॅम लागणार. एवढी चिमूट कोणाला हाताळता येत नाही. म्हणून एक ग्रॅमच्या पुडीत बाकीचे सारे डेक्स्ट्रोज किंवा माल्टोडेक्स्ट्रिन भरलेले असते. डेक्स्ट्रोज म्हणजे दुसरे काही नसून ग्लुकोज. माल्टोडेक्स्ट्रिन पिष्टापासून काढलेले. त्यांचे ग्रॅमला जवळजवळ चार उष्मांक होतात. म्हणजे ज्या पुडीला लोक शून्य समजतात तिच्यात तीन-चार उष्मांक असतात, आणि ते गोडीचे नसून भरावाचे. अमेरिकेतील नियमाप्रमाणे एका वेळच्या प्रमाणात पाचांहून कमी उष्मांक असल्यास शून्य म्हणण्यास मुभा आहे. दिवसाकाठी दोन-तीन पुड्या घेणाऱ्याला याने काही फरक पडत नाही. गोळीत भराव त्याहूनही कमी.

हा हिशेब आम्ही पुढे शिकलो. त्याआधी एका रात्रपाळीत व्हायचे ते झाले. आमचा एक सभासद, मधुमेहासाठी ग्लिमेपिराइडच्या गोळ्या घेणारा, गोळी घेऊन पण न जेवता कामावर आला. दोनच्या सुमारास त्याला दरदरून घाम फुटला, हात कापू लागले, बोलणे असंबद्ध झाले. रक्तातील साखर एकाएकी उतरल्याची ही लक्षणे. सोबत्यांना एवढे कळत होते की याला काहीतरी गोड दिले पाहिजे. एकाने चहा आणला आणि साखर टाकू लागला. दुसऱ्याने हात धरला: “अरे दादा, त्याला साखर चालत नाही! पाटी वाचली नाहीस काय?” त्यांनी डब्यातल्या दोन पुड्या चहात टाकल्या आणि मोठ्या मायेने त्याला पाजल्या. चहा गोड होता. त्यात त्याच्या उपयोगाचे फार तर दीड-पावणेदोन ग्रॅम ग्लुकोज होते, आणि त्याला हवे होते पंधरा. तो अधिकच भ्रमला. सुदैवाने पाळीचा एक जुना माणूस धावत आला. “साखर आणा, खरी साखर!” म्हणून त्याने तीन-चार चमचे पाण्यात विरघळवून घोट घोट पाजले. वीस मिनिटांत तो सभासद आम्ही कुठे आहोत हे विचारू लागला. तो आज चांगला आहे. पण जी पाटी वाचून त्याच्या सोबत्यांनी त्याला पाण्यात बुडत असताना कागदाची होडी दिली, ती पाटी आमची होती.

या प्रसंगातील शास्त्र थोडक्यात असे. रक्तातील ग्लुकोज दर डेसिलिटरला ७० मिलिग्रॅमच्या खाली गेले की मेंदूला इंधन अपुरे पडू लागते. जिभेला गोड लागले म्हणून मेंदूला इंधन मिळत नाही. इन्शुलिन घेणाऱ्याला किंवा अशा प्रकारच्या गोळ्या खाणाऱ्याला त्या घडीला साखर, ग्लुकोज किंवा गूळच हवा. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, बरे वाटल्यावर काही खावे. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात मात्र काहीही घालू नये, त्याला दवाखान्यातच न्यावे.

उलट बाजूही पाहिली पाहिजे. गणपतीच्या दिवसांत ‘बिनसाखरेचे’ मोदक विकायला येतात आणि मधुमेही मंडळी चारच्या जागी आठ खातात. सारणातली साखर गेली, पण तांदळाची पिठी कुठे गेली? ओल्या खोबऱ्याच्या शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशेच्या आसपास उष्मांक असतात, ते कोणी काढून घेतले? गोडीचे पोषणमूल्य शून्य झाले म्हणजे पदार्थाचे शून्य झाले, असा समज फार पसरला आहे. काही मिठायांत माल्टिटॉलसारखे पदार्थ असतात. त्यांत साखरेच्या निम्म्याच्या आसपास उष्मांक असतातच, आणि प्रमाण वाढले तर पोटही बिघडते.

आणि जत्रेतील रंगीत गोळा! सॅकरीनचा एक ग्रॅम निदान तीनशे ग्रॅम साखरेचे काम करतो, तेव्हा विक्रेत्याला मोह का होतो हे सांगायला नको. मोलकरणीचे पोर दहा रुपये देते आणि साखरेचे सरबत समजून रंगीत पाणी पिते. येथे आमची तक्रार विषाची नाही, मापात मारण्याची आहे.

विषाविषयी लोक नेहमी विचारतात, म्हणून तेही सांगतो. सॅकरीनने उंदरांच्या मूत्राशयात गाठी झाल्याचे दिसल्यावर १९७७ नंतर अमेरिकेत त्यावर इशारा छापणे सक्तीचे झाले. तो प्रकार उंदरांच्या शरीररचनेपुरता असल्याचे आढळल्यावर २००० साली ती सक्ती उठली. २०२३ साली अ‍ॅस्पार्टेमला कर्करोगाबाबत ‘कदाचित’ या वर्गात घालण्यात आले. त्याच वेळी संयुक्त तज्ज्ञसमितीने वजनाच्या दर किलोमागे रोज ४० मिलिग्रॅम ही मर्यादा कायम ठेवली. साठ किलोच्या माणसाला ती २४०० मिलिग्रॅम होते, म्हणजे जवळजवळ शंभर चमचे साखरेची गोडी. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने वजन घटविण्यासाठी या पदार्थांवर विसंबू नये असा सल्ला दिला. ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांना तो सल्ला लागू केलेला नाही. आमच्या मते आमच्या मधुमेही सभासदांनी चहात पुडी टाकण्यास हरकत नाही. जी तरुण मुले बारीक होण्यासाठी पुडीचा चहा घेतात आणि बरोबर दोन वडे खातात, त्यांच्यापुढे मात्र आम्ही हात टेकले.

वेष्टनावर नाव बारीक अक्षरांत असते, पण आकडे लक्षात ठेवणे सोपे: ९५१ अ‍ॅस्पार्टेम, ९५४ सॅकरीन, ९५५ सुक्रालोज.

उपाहारगृहातली जुनी पाटी आम्ही स्वतः उतरविली. नवीवर लिहिले आहे: ‘ही साखर नव्हे. हिने फक्त गोड लागते. घाम फुटून हातपाय कापू लागल्यास शेजारच्या बरणीतील साखर पाण्यातून द्यावी, मधुमेही असला तरी.’ त्या बरणीला कुलूप लावण्याचा प्रस्ताव व्यवस्थापनाकडून एकदा आला होता, साखर फार उडते म्हणून. आम्ही तो फेटाळला. साखर अजूनही उडते.