दोन त्रिकोणांचा तोल

मीरा-भाईंदरचा रस्ता महामार्गाला मिळतो तो काशीमीरा नाका. तिथून राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगराकडे गेलं की आदिवासींचे पाडे लागतात. त्यातल्याच एका वारली लग्नघरात मी लग्नाचा चौक लिहिताना पाहिला.

भिंत शेणाने सारवून गेरूने रंगवलेली. वाटीत पाण्यात कालवलेलं तांदळाचं पीठ, आणि टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. पट्टी नाही, दोरा नाही. सवाशिणींनी चार रेघा ओढल्या. निरखून पाहिलं तर वरची बाजू खालचीपेक्षा थोडी लांब होती, पण चौकोन कलल्यासारखा वाटेना. याचं कारण मला किनारीत सापडलं. समांतर रेघांच्या मधे त्रिकोणांची साखळी भरताना कोपरा अजून हातभर लांब असतानाच बायका एकेक त्रिकोण किंचित रुंद करत नेत होत्या. कमीजास्त काय असेल ते ओळभर वाटलं जाई, एका जागी साचत नसे. थोरली बाई धाकटीला एवढंच म्हणाली, "कोपरा दिसला का आधीच पसर गो."

मग मधे पालघट देवी. वारली माणसाचं अंग म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण. वरचा नेमका खालच्याच्या माथ्यावर आला की आकृती उभी राहते. जरासा सरकला की ती वाकते, चालते, नाचते. देवीला ताठ ठेवतात, तारपा नाचणाऱ्यांना कलतं.

ही कला परंपरेने बायकांची. पण १९७०च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णींनी वारल्यांच्या हाती कागद दिला आणि डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा मशे पुढे आले. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या मासेमारीच्या चित्रांतलं जाळं पाहावं. बारीक रेघांनी विणलेल्या त्या जाळ्याचे डोळे सारखे नाहीत, म्हणूनच ते पाण्यात हलतं. सोसायट्यांच्या कुंपणांवर साच्याने छापलेली वारली माणसं मला निर्जीव वाटतात. तिथे सगळे त्रिकोण तंतोतंत एकसारखे असतात आणि कुणाचाच भार कुणावर पडत नाही.

चौकात शेवटी सूर्य, चंद्र, शिडी आणि फणी आली. शिडी बरीच खाली उतरली होती. थोरलीने मागे सरकून पाहिलं, आणि दुसऱ्या बाजूच्या फणीला आणखी चार दात काढले.