तयार घटकांतून माहितीकोश : आज्ञावली बांधण्याचे शिक्षण

ग्रामपंचायतीची कर आकारणी नोंदवही, मागणी नोंदवही, पावतीपुस्तक, शाळेचे जनरल रजिस्टर, आरोग्य उपकेंद्रातील लसीकरणाची नोंद ही सर्व गावाच्या माहितीची कोठारे होत. या नोंदींवर अनेकांचे हक्क अवलंबून असतात. कराचेच उदाहरण घेता येईल. मागणीचे बिल रीतसर बजावल्यापासून तीन महिन्यांच्या आत कर न भरणारा सदस्य महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या १४ व्या कलमान्वये पदावर राहण्यास अनर्ह ठरू शकतो. एखाद्याने भरलेली रक्कम चुकून दुसऱ्याच्या नावे जमा झाली, तर तो थकबाकीदार दिसतो आणि त्याच्या पदापर्यंत प्रश्न जातो. नोंदवही संगणकावर आल्याने हा धोका आपोआप टळत नाही. आज्ञावलीची मांडणीच सदोष असेल, तर चूक अधिक वेगाने पसरते.

अशी आज्ञावली तयार करणे हे केवळ मोठ्या संस्थांचे काम आहे, असा समज अद्याप आढळतो. वस्तुतः पुन्हा पुन्हा वापरता येणाऱ्या तयार घटकांमुळे लहान कार्यालयाच्या गरजेपुरती आज्ञावली बांधणे एखाद्या जिज्ञासू शिक्षकालाही शक्य झाले आहे. मात्र या शिक्षणाचा क्रम नीट असावा लागतो.

सुट्या भागांची कल्पना

पाणीपुरवठ्याच्या पंपाचा एखादा बोल्ट तुटला, तर तो नव्याने घडविण्यासाठी कोणी भट्टी पेटवीत नाही. ठरलेल्या मापाचा बोल्ट बाजारातून आणून बसविला जातो. आज्ञावलीही अशाच प्रमाणित भागांतून बांधावी, हा विचार १९६८ साली जर्मनीतील गार्मिश येथे भरलेल्या परिषदेत डग्लस मॅक्इल्रॉय या अमेरिकन तज्ज्ञाने मांडला. तोपर्यंत अनेक आज्ञावलीकार तेच काम नव्याने लिहीत असत. ही कल्पना सर्वसामान्य शिकाऊ व्यक्तीच्या हाती येण्यास मात्र बराच काळ लागला. १९९१ साली व्हिज्युअल बेसिक आणि १९९५ साली डेल्फी ही साधने आली. पडद्यावर चौकट आखून त्यात बटण, रकाना किंवा यादी उचलून ठेवण्याची सोय त्यांनी रूढ केली. डेल्फीच्या धर्तीवर चालणारे लॅझरस हे साधन विनामूल्य मिळते.

तक्त्यांचे नाते

घटकांच्या आधी समजून घ्यावी लागते ती माहितीची मांडणी. तिचा पाया आय.बी.एम. कंपनीतील संशोधक एडगर कॉड यांनी १९७० साली घातला. माहिती साध्या तक्त्यांत ठेवावी, प्रत्येक ओळ एका खुणेने ओळखली जावी आणि तक्ते परस्परांशी त्या खुणेनेच जोडले जावेत, हे त्यांच्या प्रतिपादनाचे सार होय. या तक्त्यांना प्रश्न विचारण्याची एसक्यूएल ही भाषा १९७४ च्या सुमारास त्याच कंपनीत आकारास आली व पुढे सर्वत्र प्रमाण मानली गेली.

कराच्या नोंदींना हे तत्त्व लावून पाहावे. नवशिका बहुधा एकच मोठा तक्ता करतो : मालकाचे नाव, घराचा क्रमांक, मागणी, भरलेली रक्कम, पावतीची तारीख. पहिल्या वर्षी हे चालते. पुढे एकाच नावाचे दोन मालक निघतात, एका मालकाची दोन घरे असतात, एका घराचे तीन भाऊ सहमालक असतात आणि कर दोन हप्त्यांत भरला जातो. मग तेच नाव अनेक ठिकाणी लिहावे लागते व एका ठिकाणची दुरुस्ती दुसऱ्या ठिकाणी राहून जाते. योग्य मांडणीत मिळकतींचा तक्ता वेगळा, व्यक्तींचा वेगळा, वार्षिक मागणीचा वेगळा आणि पावत्यांचा वेगळा असतो. कोणती व्यक्ती कोणत्या मिळकतीची मालक आहे, हे सांगणारा एक जोडतक्ताही लागतो. प्रत्येक मिळकतीला व प्रत्येक व्यक्तीला स्वतंत्र ओळखक्रमांक दिला जातो. नाव हे ओळखक्रमांकाचे काम करू शकत नाही, हा या शिक्षणातील पहिला धडा होय.

घटकांची साखळी

मांडणी ठरल्यावर तयार घटकांचा खरा उपयोग सुरू होतो. लॅझरसमध्ये हे घटक साखळीसारखे जोडले जातात. पहिला घटक माहितीकोशाशी संपर्क साधतो. दुसरा व्यवहाराचा आरंभ व शेवट सांभाळतो. तिसरा एसक्यूएलमधील प्रश्न विचारून हव्या त्या ओळी आणतो. चौथा त्या ओळी पडद्यापर्यंत पोहोचविणारा दुवा असतो. पाचवा त्या चौकटीत मांडून दाखवितो. यांपैकी एकाही घटकाच्या आतील रचना शिकणाऱ्याला लिहावी लागत नाही. प्रत्येक घटकाचे मोजके गुणधर्म भरावयाचे आणि एकाचे टोक दुसऱ्याला जोडावयाचे, एवढेच काम उरते. उद्या साधा माहितीकोश बदलून मोठा आणावयाचा झाल्यास संपर्काचा पहिला घटक बदलावा लागतो व प्रश्नांत थोडा फेरफार करावा लागतो. पडदे बहुतांशी तसेच राहतात.

या सोयीत एक फसवणूकही दडलेली आहे. थोड्याच वेळात पडद्यावर तक्ता दिसू लागतो आणि आज्ञावली झाली असे वाटते. लॅझरसमध्ये चौकटीत केलेली दुरुस्ती प्रथम संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीत राहते. ती माहितीकोशात उतरविण्याची आणि व्यवहार कायम करण्याची आज्ञा दिली नाही, तर खिडकी बंद होताच दिवसभराची नोंद नाहीशी होऊ शकते. घटक कोणते काम करतो याबरोबरच तो कोणते काम करीत नाही, हेही शिकणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

व्यवहार अखंड असावा

कर भरला जातो तेव्हा दोन गोष्टी घडावयास हव्यात : पावतीची नोंद व्हावी आणि ती रक्कम योग्य मागणीपोटी जमा व्हावी. पहिली होऊन दुसरीच्या आत वीज गेली, तर पावती हातात असूनही थकबाकी कायम दिसेल. यासाठी दोन्ही नोंदी एकाच व्यवहारात बांधल्या जातात. दोन्ही झाल्या तरच व्यवहार कायम होतो, अन्यथा दोन्ही रद्द होतात. ही शिस्त माहितीकोश पाळू शकतो, परंतु कोणत्या नोंदी एकत्र बांधावयाच्या हे आज्ञावलीकारालाच सांगावे लागते.

दुसरी दक्षता सुरक्षिततेची आहे. वापरणाऱ्याने टंकलेला मजकूर एसक्यूएलच्या वाक्यात जसाच्या तसा जोडला, तर कोणी त्या मजकुरातूनच घातक आज्ञा पाठवू शकतो. प्रश्नाच्या घटकात त्यासाठी स्वतंत्र जागा राखण्याची सोय असते. त्या जागेत भरलेला मजकूर आज्ञा मानला जात नाही. ही सवय पहिल्या दिवसापासून लावावी.

देवनागरीचा प्रश्न

मराठी नोंदींच्या बाबतीत आणखी एक अडचण उद्भवते. पूर्वी अनेक कार्यालयांत विशिष्ट टंकांच्या साहाय्याने मराठी मजकूर साठविला जात असे. तो टंक नसलेल्या संगणकावर अक्षरांऐवजी निरर्थक चिन्हे दिसत. युनिकोड या प्रमाण संकेतामुळे ही अडचण दूर झाली. तरीही सावधगिरी आवश्यक आहे. ‘कऱ्हाड’ या शब्दातील ऱ्ह युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठविता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणक त्यांना भिन्न मानतो. एका पद्धतीने टंकलेले नाव दुसऱ्या पद्धतीने शोधल्यास सापडत नाही आणि त्या व्यक्तीची नोंदच नाही, असा निष्कर्ष निघू शकतो. नोंद घेतानाच मजकूर एका ठरावीक रूपात आणणे हा यावरील उपाय होय. परदेशात तयार झालेला घटक हे स्वतःहून करीलच, असे गृहीत धरता येत नाही.

परावलंबनाचे भान

दुसऱ्याचा घटक वापरणे म्हणजे काही अंशी त्याच्यावर विसंबणे होय. मार्च २०१६ मध्ये अवघ्या अकरा ओळींचा ‘लेफ्ट-पॅड’ नावाचा घटक त्याच्या कर्त्याने सार्वजनिक भांडारातून काढून घेतला, तेव्हा जगभरातील असंख्य आज्ञावलींची बांधणी काही काळ अडली. डिसेंबर २०२१ मध्ये ‘लॉगफोरजे’ या घटकातील गंभीर उणीव उघड झाली. आपल्या यंत्रणेत तो घटक आहे किंवा नाही, हेच अनेक संस्थांना प्रथम शोधावे लागले. यावरून घ्यावयाचा बोध सरळ आहे. वापरलेल्या प्रत्येक घटकाचे नाव, आवृत्ती व परवाना यांची यादी कार्यालयात असावी. घटकांच्या प्रती जपून ठेवाव्यात आणि सुधारित आवृत्ती चाचणी घेऊनच बसवावी. नागरिकांची माहिती हाताळताना २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाचेही भान ठेवावे.

शिक्षणाचा क्रम

शिकणाऱ्याने प्रारंभ संगणकापासून करू नये, कागदापासून करावा. अस्तित्वात असलेली नोंदवही समोर ठेवून तिच्यातील रकाने कोणत्या वस्तूचे वर्णन करतात हे तपासावे. त्यानंतर तक्ते आखावेत व खऱ्याखुऱ्या दहा-वीस नोंदी हाताने भरून पाहाव्यात. सहमालक, दोन हप्ते, नावातील बदल अशी अवघड उदाहरणे मुद्दाम निवडावीत. तिसऱ्या पायरीला एसक्यूएलचे साधे प्रश्न शिकावेत : कोणाची थकबाकी किती, कोणत्या पावतीला मागणी जुळत नाही. घटक आणि पडदे यांची पाळी चौथी येते. शेवटी वीज घालवून, चुकीची तारीख भरून, तेच नाव दोनदा देऊन आज्ञावलीची परीक्षा घ्यावी. राखीव प्रत केवळ काढून भागत नाही, तिच्यावरून माहिती परत उभी करून पाहावी लागते.

अशा शिक्षणाचे फलित केवळ नव्या आज्ञावलींत मोजावयाचे नाही. शासनाच्या अनेक मोठ्या प्रणाली वरून तयार होऊन गावात येतात व त्या बदलणे स्थानिक कार्यालयाच्या हाती नसते. परंतु तक्ता, ओळखक्रमांक आणि व्यवहार यांची जाण असलेला ग्रामपंचायत अधिकारी, शिक्षक किंवा सदस्य पडद्यावरील आकड्याला प्रश्न विचारू शकतो : ही रक्कम कोणत्या मिळकतीची, कोणत्या पावतीवरून आली? ज्याच्या नावापुढे चुकीची थकबाकी लागली आहे, त्या ग्रामस्थाला न्याय मिळण्याची सुरुवात या प्रश्नापासून होते.