पोरगं होस्टेलला ठेवताय? फी भरण्याआधी अर्धा तास इमारत फिरून बघा

बारावीचा निकाल लागला की गावागावांतली मुलं-मुली शहरातल्या कॉलेजला, विद्यापीठाला निघतात. पाण्याची मोटार घेताना आपण स्टार्टर, केबल, वॉरंटी सगळं तपासतो. पण लेकरू तीन वर्षं जिथं झोपणार, ती इमारत मात्र कुणी नीट बघत नाही. कॉलेज आणि होस्टेल कसं असावं याचे नियम आहेत, आणि ते पाळले जातात का हे बघायला इंजिनिअर असायची गरज नाही.

आग लागली तर वाट कुठली?

२४ मे २०१९ रोजी सुरतच्या तक्षशिला आर्केड इमारतीला आग लागली. वर खासगी क्लास चालू होता. खाली यायची वाट बंद झाली आणि मुलांनी वरून उड्या मारल्या. २२ विद्यार्थी गेले. तो क्लास होता, कॉलेज नव्हे. पण धडा तोच.

आपल्याकडे महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ आहे. यात बसणाऱ्या इमारतीची आग विझवायची साधनं चालू आहेत, असं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र मालकाला दर जानेवारी आणि जुलैत अग्निशमन अधिकाऱ्याकडे द्यावं लागतं. याला 'बी फॉर्म' म्हणतात. ऑफिसात विचारायचं, "यंदाचा बी फॉर्म दाखवता का?"

मग वर चढून बघायचं. दुसरा जिना आहे का? त्याच्या दाराला कुलूप तर नाही? जिन्यात मोडक्या खाटा, गाद्या रचल्यात का? भिंतीवरच्या लाल सिलिंडरला घड्याळासारखा काटा असेल तर तो हिरव्या पट्ट्यात हवा. खिडक्यांना पक्के गज असतील तर बाहेर पडायची दुसरी सोय कुठली, तेही विचारा.

सोलर म्हणजे नुसता देखावा नाही

'ग्रीन कॅम्पस' म्हटलं की झाडं लावल्याचे फोटो आठवतात. पण याचा सुरक्षेशी थेट संबंध आहे. छतावरचं सोलर वॉटर हीटर चालू असेल तर मुलं अंघोळीच्या पाण्यासाठी खोलीत रॉड लावत नाहीत. रॉडमुळे शॉक बसतो, जुनी वायरिंग तापते. कचरा वेगळा करून उचलला तर मागच्या अंगणात तो जाळावा लागत नाही. छताचं पावसाचं पाणी बोअरजवळ मुरवलं तर उन्हाळ्यात टँकरची वेळ कमी येते.

कॉलेजांना दर्जा देणारी 'नॅक' ही संस्था हेच विचारत आली आहे. नॅकच्या अहवालातल्या सातव्या निकषात सोलर, पाणी, कचरा, अपंगांसाठी रॅम्प यांची माहिती असते. हा अहवाल कॉलेजच्या वेबसाइटवर टाकावा लागतो. मोबाइलवर तो उघडायचा आणि लिहिलेलं जागेवर आहे का ते मिळवून बघायचं.

मुलांकडे लक्ष कोण देणार?

यूजीसीने २०१५ मध्ये विद्यार्थ्यांच्या सुरक्षेसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. होस्टेलला सहज चढता येणार नाही अशी भिंत, मोजकीच दारं, त्यावर पहारेकरी आणि सीसीटीव्ही असावा, असं त्यात आहे. २५ विद्यार्थ्यांमागे लक्ष ठेवणारा एक शिक्षक आणि दर तीन महिन्यांनी पालकसभा, हेही सांगितलंय. तो शिक्षक कोण, हे विचारून नंबर घ्यायचा. मेसमध्ये अन्न परवाना लावलेला आहे का, पाण्याची टाकी कधी धुतली, हेही बघायचं.

रॅगिंग झालं तर १८००-१८०-५५२२ हा मोफत नंबर मुलांच्या मोबाइलमध्ये असलाच पाहिजे.

माहिती दिली नाही तर?

सरकारी किंवा अनुदानित कॉलेज असेल तर माहिती अधिकारात अर्ज करता येतो. फी १० रुपये, आणि साधारण ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. बी फॉर्मची प्रत मागायची.

खासगी असेल तर पालकांनी एकट्यानं न जाता चार-पाच जणांनी मिळून जावं. एकानं विचारलं तर "बघू" म्हणतात, पाच जणांनी विचारलं की फाइल बाहेर येते. आणि हे सगळं फी भरण्याआधीच करायचं. पावती फाडल्यावर आपलं म्हणणं कमी ऐकलं जातं.