जोडीने एराविकुलम

मुन्नारला जोडीने जाताय? मग एक सकाळ एराविकुलम राष्ट्रीय उद्यानासाठी राखाच. आपली गाडी खालीच ठेवायची. वनखात्याची बस उद्यानातल्या राजमला भागात नेते, पुढे पायी. आम्ही दोघं रमतगमत चढत होतो, तर रस्त्याकडेलाच निलगिरी ताहर निवांत चरत होते! हा प्राणी फक्त पश्चिम घाटाच्या दक्षिण भागात आढळतो आणि त्याची सर्वांत मोठी संख्या इथेच आहे. दिसतो बकऱ्यासारखा, पण डीएनए अभ्यासात मेंढ्यांच्या जवळचा निघाला. उद्यानातलंच २,६९५ मीटरचं आनमुडी हे दक्षिण भारतातलं सर्वोच्च शिखर. इथलं नीलकुरिंजीचं झुडूप दर बारा वर्षांनी फुलतं. मागचा मोठा बहर २०१८चा, म्हणजे पुढचा २०३०च्या सुमारास. फेब्रुवारी-मार्चमध्ये ताहरच्या विणीसाठी उद्यान सहसा बंद असतं, तारखा आधी पाहून घ्या.