जुन्या ट्रॅक्टर इंजिनाची पुनर्निर्मिती

ट्रॅक्टर तेल खाऊ लागला, निळा धूर सोडू लागला, भरलेली ट्रॉली चढावर ओढेना, तरी इंजिन भंगारात काढण्याची घाई करू नये. झिजतात ते मुख्यतः घासणारे भाग : लायनर, पिस्टन, रिंगा व बेअरिंगे. ब्लॉक व हेड हे जड ओतीव भाग बहुधा शाबूत असतात. ते पुन्हा वापरल्याने शेतकऱ्याचा पैसा वाचतो, तसेच नव्या ओतकामास लागणारे लोखंड व इंधनही वाचते.

दुरुस्ती व पुनर्निर्मिती यांत फरक आहे. दुरुस्तीत बिघडलेला भाग तेवढा बदलतात. पुनर्निर्मितीत इंजिन पूर्ण खोलून धुतात, तडे तपासतात व प्रत्येक भागाचे माप घेतात. क्रँकशाफ्ट झिजला असल्यास ०.२५ किंवा ०.५० मि.मी.ने ग्राइंड करून त्याच मापाची अंडरसाइज बेअरिंगे बसवतात. जोडणीनंतर इंजिन चालवून ऑइल प्रेशर पाहतात.

झिजलेल्या लायनरमध्ये नुसत्या नव्या रिंगा घालणे ही खोटी काटकसर होय. धूर पुन्हा सुरू होतो आणि ऐन पेरणीत ट्रॅक्टर उभा राहतो.

काम देताना पुढील काळजी घ्यावी :

१) घेतलेली मापे व बदललेले भाग बिलावर लिहून घ्यावेत.

२) पुस्तिकेतील मर्यादेपलीकडे घासलेला क्रँकशाफ्ट वापरू नये.

३) सुरुवातीस हलके काम द्यावे व पुस्तिकेत सांगितलेल्या तासांनी तेल व फिल्टर बदलावेत.

ही कामे हंगामापूर्वीच उरकावीत.