विसार देऊन झाल्यावर

नव्या विद्युत मोटारीची मागणी नोंदवली, विसाराची रक्कम भरली, पावती हाती पडली, आणि आता गाडी दाराशी येईपर्यंत आपल्याला करण्यासारखे काही उरले नाही, अशी जी समजूत बहुतेक ग्राहकांची होते, ती पेट्रोलच्या गाडीपुरती खरी असली तरी या नव्या वाहनाच्या बाबतीत नुकसानीची आहे, असे माझे ठाम मत झाले आहे. पेट्रोलच्या गाडीचे इंधन गावच्या पंपावर आधीच येऊन थांबलेले असते. विद्युत मोटारीचे इंधन मात्र घेणाऱ्याला स्वतःच्या वास्तूत, स्वतःच्या मीटरवर आणि पुष्कळदा सोसायटीच्या संमतीने उभे करावे लागते, आणि त्या कामाला गाडी घडवण्याहून कमी वेळ लागेल याची शाश्वती कोणी देऊ शकत नाही. तेव्हा या प्रतीक्षेच्या काळाकडे दोन्ही अंगांनी पाहिले पाहिजे: कंपनीकडून उशीर कशामुळे होतो, आणि तेवढ्या मुदतीत ग्राहकाच्या हाती काय काय असते.

वाहनासाठी वाट पाहणे महाराष्ट्राला नवे नाही. १९५१ च्या उद्योग (विकास व नियमन) अधिनियमाखाली कोणत्या कारखान्याने किती माल काढावा हे सरकारी परवान्यावर ठरत असे, आणि त्यामुळे कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातील फियाट असो की पुण्याजवळच्या आकुर्डीतील बजाज स्कूटर असो, मागणी कितीही वाढली तरी उत्पादनाला परवान्यातील आकडा ओलांडता येत नव्हता. चेतक स्कूटरसाठी नाव नोंदवून दहा-दहा वर्षे थांबलेली माणसे आजही आपल्या अवतीभवती आहेत. ज्याचा नातलग परदेशातून परकीय चलन पाठवू शके, त्याचा नंबर आधी लागे, आणि बाकीच्यांनी पोस्टकार्डाची वाट पाहावी असा शिरस्ता होता. त्या विलंबाचे कारण मात्र सर्वांना ठाऊक असे, आणि त्याचा उगम दिल्लीच्या एका दफ्तरात दाखवता येत असे.

आजच्या विलंबाचा उगम शोधायला पुष्कळ दूर जावे लागते. विद्युत वाहनाची मोटार बहुधा कायमस्वरूपी चुंबकांवर चालते. ही चुंबके निओडिमियम, लोह आणि बोरॉन यांच्या मिश्रणाची असतात, आणि मोटार तापल्यावरही त्यांचे चुंबकत्व टिकावे म्हणून त्यांत डिस्प्रोझियम व टर्बियम ही मूलद्रव्ये अल्प प्रमाणात घालावी लागतात. या दुर्मीळ मृदा धातूंच्या शुद्धीकरणावर आणि चुंबकनिर्मितीवर चीनचे जवळजवळ एकहाती वर्चस्व आहे. त्या देशाने ४ एप्रिल २०२५ रोजी अशा सात मूलद्रव्यांच्या आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली, तेव्हा तिचा फटका आपल्याकडच्या कारखान्यांना काही आठवड्यांतच जाणवू लागला. ज्या आकुर्डीत जुनी चेतक तयार होत असे, तेथेच २०२२ पासून विद्युत चेतकचा नवा कारखाना चालू आहे. आणि ऑगस्ट महिन्यात या स्कूटरचे उत्पादन शून्यावर येऊ शकते, अशी भीती बजाज ऑटोचे व्यवस्थापकीय संचालक राजीव बजाज यांनी जुलै २०२५ मध्ये जाहीरपणे बोलून दाखवली. स्कूटरचे नाव तेच, गाव तेच, आणि अडवणूकही परवान्याचीच. परवाना देणारे दफ्तर तेवढे दिल्लीहून बीजिंगला गेले. या परावलंबनाची दखल घेऊन केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२५ मध्ये अशा चुंबकांच्या देशी निर्मितीसाठी ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली, आणि वर्षाला ६,००० टनांची उत्पादनक्षमता उभी करण्याचे उद्दिष्ट ठेवले. आपल्या किनाऱ्यावरच्या वाळूतून दुर्मीळ मृदा काढणारी आयआरईएल ही सरकारी कंपनी १९५० पासून अस्तित्वात आहे आणि तिचे मुख्यालय मुंबईतच आहे; असे असूनही वाळूपासून चुंबकापर्यंतचा पुढचा प्रवास आपण इतकी वर्षे दुसऱ्यावर सोपवून ठेवला, याचा विषाद वाटल्याशिवाय राहत नाही.

परंतु प्रत्येक उशीर चीनच्या माथी मारणे न्याय्य होणार नाही, कारण पुष्कळसा विलंब कंपनीने ठरवलेल्या उत्पादनाच्या क्रमातून निर्माण होतो. महिंद्र कंपनीच्या ‘बीई ६’ आणि ‘एक्सईव्ही ९ई’ या चाकणला तयार होणाऱ्या दोन मोटारींसाठी १४ फेब्रुवारी २०२५ रोजी मागणी नोंदवून घेण्यास आरंभ झाला, तेव्हा पहिल्याच दिवशी ३०,१७९ मागण्या नोंदल्या गेल्या. कंपनीने सर्वांत महाग प्रकार मार्चच्या मध्यापासून, त्याखालचे प्रकार जून-जुलैमध्ये आणि सर्वांत स्वस्त प्रकार ऑगस्टपासून देण्याचे वेळापत्रक आधीच प्रसिद्ध केले होते. म्हणजे पहिल्या दिवशी नाव नोंदवणारा ग्राहक चाकणचा रहिवासी असला, तरी त्याने स्वस्त प्रकार निवडला असेल तर सहा महिने थांबणे त्याला प्राप्त होते. कारण गाडी ग्राहकाच्या गावाच्या अंतरावरून मिळत नाही, तर प्रकार, रंग आणि त्या विक्रेत्याच्या वाट्याला आलेल्या गाड्या यांवरून मिळते. महाग गाडी आधी आणि स्वस्त गाडी शेवटी, हा क्रम मला रुचत नाही. तरीही महिना आगाऊ सांगितला गेला ही गोष्ट मी त्या व्यवहाराच्या जमेस धरतो, कारण ज्याला तारीख ठाऊक आहे तो आपली जुनी गाडी कधी विकावी, कर्ज कधी घ्यावे, मुलीच्या लग्नाला कोणती गाडी असेल, याचा विचार करू शकतो, आणि ज्याला ‘लवकरच येईल’ एवढेच सांगितले जाते त्याचे सगळे बेत अधांतरी राहतात.

तारखेविना वाट पाहण्याचे टोकाचे उदाहरण टेस्ला या अमेरिकन कंपनीने घालून दिले आहे. तिने २०१६ साली ‘मॉडेल ३’ची घोषणा केली तेव्हा भारतातूनही काही हौशी लोकांनी एक हजार डॉलरची अनामत भरली, ती मोटार भारतात आलीच नाही, आणि त्यांपैकी काहींना पैसे परत देण्याविषयीचे पत्र २०२५ मध्ये मिळाले. त्याच वर्षी १५ जुलैला कंपनीचे भारतातील पहिले दालन मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात उघडले, ते ‘मॉडेल वाय’ या दुसऱ्याच मोटारीसाठी, आणि तिची पहिली गाडी ५ सप्टेंबरला राज्याचे परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी ताब्यात घेतली. नऊ वर्षे दुसऱ्याची रक्कम वापरून अखेर ती तशीच परत करणे कायद्यात बसत असेलही. व्यापारी सचोटीत ते बसत नाही.

आता ग्राहकाच्या बाजूकडे वळू. ज्या मोटारीची बॅटरी ४५ किलोवॉट-तासांची, म्हणजे घरगुती हिशेबाने ४५ युनिटांची असते, ती पूर्ण रिकामी झाल्यावर १५ अँपिअरच्या साध्या सॉकेटवर भरायला १४ ते १५ तास लागतात, आणि भिंतीवर बसवायचा ७.२ किलोवॉटचा चार्जर तेच काम साडेसहा-सात तासांत उरकतो. हे आकडे ऐकले की मोठ्या चार्जरचाच आग्रह धरला जातो. पण बॅटरी रोज पूर्ण रिकामी होत नाही. दिवसाला ४० किलोमीटर फिरणाऱ्या गाडीला सहा-सात युनिटे पुरतात, आणि ती साध्या सॉकेटवर दोन-अडीच तासांत भरून निघतात. नोकरदार कुटुंबाला मोठा चार्जर ही सोय आहे, निकड नव्हे. निकड आहे ती चांगल्या अर्थिंगची आणि पुरेशा जाडीच्या तारांची. विद्युत मोटारीचा चार्जर सुरू होण्यापूर्वी अर्थिंगची परीक्षा घेतो, आणि ते सदोष आढळल्यास गाडीला वीज देण्याचे नाकारतो. जुन्या वाड्यांतून आणि चाळींतून, जेथे दिवे-पंखे वर्षानुवर्षे विनातक्रार चालले आहेत, तेथे हा दोष गाडी आल्यावरच पहिल्यांदा उघडकीस येतो. मोठा चार्जर बसवायचाच असेल, तर वीजबिलावर छापलेला मंजूर भार आधी पाहावा, कारण चार किंवा पाच किलोवॉट मंजूर असलेल्या घराला तेवढी वीज अधिकृतपणे घेताच येत नाही, आणि भारवाढीचा अर्ज करावा लागतो.

फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने वीजग्राहकांच्या हक्कांविषयीच्या नियमांत दुरुस्ती करून विद्युत वाहनासाठी स्वतंत्र जोडणी मागण्याचा हक्क ग्राहकाला दिला, आणि नव्या जोडणीची मुदत महानगरांत ३ दिवस, अन्य नगरपालिका क्षेत्रांत ७ दिवस आणि ग्रामीण भागात १५ दिवस अशी कमी केली. मात्र ही मुदत अर्ज पूर्ण झाल्यापासून मोजली जाते, आणि सहकारी गृहरचना संस्थेत राहणाऱ्याचा अर्ज बहुधा संस्थेच्या संमतिपत्राशी येऊन अडतो. मीटरची खोली एका टोकाला, गाडीची जागा दुसऱ्या टोकाला, मधली तार कोणाच्या भिंतीवरून न्यायची, पावसाळ्यात तळघरात पाणी साचले तर काय, या शंका सभासद विचारतात त्या रास्तच असतात, आणि त्यांना उत्तरे देण्यास एक सभा पुरत नाही. माझे सांगणे असे की, एका गाडीपुरती परवानगी न मागता, पुढे येणाऱ्या आठ-दहा गाड्यांच्या तारा जातील अशा सामायिक मार्गाचा प्रस्ताव कार्यकारिणीपुढे ठेवावा आणि तसा लेखी ठराव करून घ्यावा. पहिल्या माणसाला त्यात थोडे कष्ट अधिक पडतात, पण त्याच्यामागून येणाऱ्या प्रत्येकाचे महिने वाचतात.

एकदा बॅटरी भरल्यावर किती अंतराचा भरवसा ठेवावा, तेही याच काळात नीट समजून घ्यावे. पुण्याची एआरएआय ही संस्था मोटारी ठरावीक चक्रावर चालवून जे अंतर प्रमाणित करते, ते रस्त्यावर मिळत नाही. टाटा नेक्सॉनच्या ४५ किलोवॉट-तासांच्या मोटारीचे प्रमाणित अंतर ४८९ किलोमीटर आहे, पण प्रत्यक्षात सुमारे ३५० ते ३७० मिळतील असे कंपनी स्वतःच सांगते, आणि खरेदीचा निर्णय या दुसऱ्या आकड्यावरच व्हावा.

मग एके दिवशी शोरूममधून दूरध्वनी येतो की गाडी आली. या दोन शब्दांचा अर्थ गाडी कारखान्यातून ट्रेलरवर चढली, विक्रेत्याच्या यार्डात उतरली, किंवा आपल्या नावे चेसिस क्रमांक पडला, यांपैकी काहीही असू शकतो. म्हणून पहिला प्रश्न चेसिस क्रमांकाचा करावा, आणि तो हाती आल्याखेरीज उरलेली रक्कम देऊ नये. बँकेचे व्याज ज्या दिवशी कर्ज विक्रेत्याच्या खात्यात जमा होते त्या दिवसापासून धावू लागते, गाडी मिळते त्या दिवसापासून नव्हे. यानंतर यार्डात जाऊन दिवसाच्या उजेडात गाडी पाहावी आणि हे काम पासिंगच्या आधी करावे, कारण एकदा ती आपल्या नावे नोंदली गेली की दोष सापडला तरी ती परत करणे फार कठीण होते. टायरवर कोरलेल्या चार आकड्यांत तो कोणत्या आठवड्यात आणि कोणत्या वर्षी तयार झाला हे लिहिलेले असते. मोठ्या बॅटरीखेरीज गाडीत बारा व्होल्टची एक लहान बॅटरीही असते, आणि गाडी यार्डात फार दिवस उभी राहिली तर ती उतरते. तेव्हा तिचीही चौकशी करावी. घरी वापरायची चार्जिंगची तार गाडीत आहे ना, हे पाहून घ्यावे.

कागदपत्रांत विक्रीचे प्रमाणपत्र नमुना २१ मध्ये, उत्पादकाचे योग्यता प्रमाणपत्र नमुना २२ मध्ये आणि नोंदणीचा अर्ज नमुना २० मध्ये असतो. विद्युत मोटारीवर वस्तू व सेवा कर ५ टक्के आहे. दहा लाखांवरच्या गाडीवर विक्रेता आणखी एक टक्का कर गोळा करतो, तो मात्र आपल्या प्राप्तिकरात वळता करून घेता येतो, आणि पुष्कळ लोक अज्ञानाने तो सोडून देतात. तृतीय पक्षाचा विमा तीन वर्षांचा घ्यावा लागतो, त्याच्या हप्त्यात विद्युत वाहनाला १५ टक्के सवलत आहे, आणि विमा शोरूमकडूनच घेण्याची सक्ती नाही. मागणीपत्रावर बारीक अक्षरांत ‘गाडी देण्याच्या दिवशीची किंमत लागू’ असे छापलेले असते; ते वाक्य सही करण्यापूर्वी वाचावे, आणि त्याच कागदावर अपेक्षित तारीख व विसार परत मिळण्याच्या अटी लिहून घ्याव्यात. लेखी तारीख असेल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याचा आधार घेता येतो, आणि १९१५ या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. तोंडी आश्वासनाची कैफियत कोणापुढे मांडणार?

राज्य सरकारच्या सवलतींनाही प्रतीक्षा चुकलेली नाही. २३ मे २०२५ च्या शासन निर्णयाने विद्युत मोटारींना अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग यांवर टोलमाफी जाहीर झाली, पण अटल सेतूवर तिचा अंमल २२ ऑगस्टला सुरू झाला.

पाडव्याला किंवा दसऱ्याला गाडी घरी आणण्याची आपली परंपरा मला प्रिय आहे. परंतु त्या दिवसांत पासिंगची गर्दी एवढी होते की तपासणी घाईत उरकली जाते. म्हणून गाडी चार दिवस आधी नीट पाहून, कागद पुरे करून घ्यावी आणि सणाला तिची पूजा करावी.

ज्यांना यंदा विद्युत मोटार घ्यायची आहे, त्यांना एवढीच विनंती आहे की, शोरूममध्ये विसाराची रक्कम भरण्यापूर्वी आपले वीजबिल काढून मंजूर भार पाहावा, अर्थिंग तपासून घ्यावे आणि सोसायटीच्या चिटणीसांकडे लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्यावी.